कोलोरॅडो १९०४: नऊ हजारांनी जिंकलेला गव्हर्नर दोन महिन्यांत पायउतार कसा झाला?

यादीवाला

अमेरिकेतल्या राज्यांच्या गव्हर्नरांच्या याद्या लावतोय आणि कोलोरॅडोपाशी अडलोय. ८ नोव्हेंबर १९०४ च्या निवडणुकीत डेमोक्रॅट अल्वा ॲडम्स जिंकला, तेव्हाचा गव्हर्नर रिपब्लिकन जेम्स पीबॉडी पडला. फरक नऊ हजारांच्या वर, म्हणजे एकूण अडीच लाखांच्या आतल्या मतदानात चांगलाच. १० जानेवारी १९०५ ला ॲडम्सने शपथही घेतली. मग मार्चच्या मध्यावर यादीत लागोपाठ तीन नावं येतात: ॲडम्स जातो, पीबॉडी येतो आणि लगेच जातो, जेसी मॅक्डोनाल्ड येतो आणि जानेवारी १९०७ पर्यंत राहतो. हा मॅक्डोनाल्ड तर गव्हर्नरपदाला उभाच नव्हता!

माझे प्रश्न असे. पडलेल्या उमेदवाराला विधिमंडळ खुर्चीत बसवू शकतं ते कुठल्या अधिकारात? नऊ हजारांचा फरक कशाच्या जोरावर पुसला? आणि एवढा खटाटोप करून आणलेल्या पीबॉडीला एक दिवससुद्धा का ठेवलं नाही? काही ठिकाणी हे सगळं सुप्रीम कोर्टाने केलं असं लिहिलेलं दिसतं, काही ठिकाणी विधिमंडळाने. यातलं खरं काय?

---

कलमबहाद्दर

दोन्ही खरं आहे, पण दोघांची कामं वेगळी होती. ती एकत्र कालवली की काहीच कळत नाही, म्हणून क्रमाने लिहितो.

आधी अधिकाराचं. कोलोरॅडोच्या १८७६ च्या राज्यघटनेत चौथ्या प्रकरणाच्या तिसऱ्या कलमात सरळ लिहिलंय की गव्हर्नरपदाच्या निवडणुकीवर वाद झाला तर विधिमंडळाची दोन्ही सभागृहं एकत्र मतदान करून निकाल देतील. म्हणजे गव्हर्नर कोण हे कोर्टाने ठरवलंच नाही, तो त्याचा अधिकारच नव्हता. पण निकाल देणाऱ्या विधिमंडळात कोण बसणार, यावर मात्र कोर्टाचा हात पडला होता. सगळी गोम इथे आहे.

डेन्व्हर शहर डेमोक्रॅट यंत्रणेच्या मुठीत होतं. मे १९०४ मध्ये रॉबर्ट स्पीअर महापौर झाला, पोलीस आणि मतदान केंद्रांवरची माणसं त्याच गोटातली. नोव्हेंबरमध्ये बोगस मतदान होणार हे गृहीत धरून रिपब्लिकनांनी ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या, नावाने अर्ज केला, तोही थेट राज्याच्या सुप्रीम कोर्टात. कोर्टाने तो दाखल करून घेतला आणि डेन्व्हरमधल्या निवडणूक अधिकाऱ्यांवर आधीच मनाई हुकूम काढला: बोगस मत घेऊ नका, पेटीत मतं कोंबू नका, मोजणीत फेरफार करू नका. शिवाय केंद्रांवर कोर्टाचे निरीक्षक नेमले. खटल्याचं नाव पीपल विरुद्ध टूल.

यात वावगं काय, असं वाटेल. मतपेटीत मतं कोंबणं हा आधीच फौजदारी गुन्हा होता. पण गुन्हा म्हणून खटला चालवायचा तर आरोपपत्र लागतं, ज्यूरी लागते, आणि डेन्व्हरची ज्यूरी डेन्व्हरच्याच लोकांची. मनाई हुकूम काढला की तेच कृत्य कोर्टाची बेअदबी होतं. बेअदबीला ज्यूरी नाही. हुकूम देणारे, तो मोडला की नाही हे ठरवणारे आणि तुरुंगात पाठवणारे तेच न्यायाधीश. मतदानानंतर नेमकं हेच झालं: केंद्रावरचे अधिकारी कोर्टापुढे उभे केले गेले, काही जण तुरुंगात गेले. आणि जिथे खरी-खोटी मतं वेगळी काढता येत नाहीत असं कोर्टाला वाटलं, तिथे त्या प्रिसिंक्टची, म्हणजे एका केंद्राच्या अख्ख्या हद्दीची, सगळी मतं रद्द.

त्याच मतपत्रिकांवर विधिमंडळाचे डेन्व्हरमधले उमेदवारही होते. प्रिसिंक्ट गळाली की त्यांचेही आकडे फिरले आणि विधिमंडळातलं पारडं रिपब्लिकनांकडे आणखी झुकलं. इतकं झाल्यावर पीबॉडीने रीतसर तक्रार गुदरली, संयुक्त समिती बसली, साक्षी झाल्या, पेट्या उघडल्या, दोन्ही बाजूंच्या वकिलांनी एकमेकांच्या काउंट्यांची (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) धुणी धुतली. समितीचं एकमत काही झालं नाही. १६ मार्च १९०५ ला संयुक्त सभेने पीबॉडीच्या बाजूने कौल दिला.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रिपब्लिकन आमदारांच्या बेरजेत आहे. पक्षाकडे बहुमत होतं, पण पीबॉडीसाठी सगळे हात वर करायला तयार नव्हते. डेन्व्हरमध्ये लबाडी झाली हे मान्य, पण म्हणून पीबॉडी जिंकला असं म्हणवत नाही, असा एक गट. १९०३-०४ च्या खाणसंपांच्या काळातली त्याची कारकीर्द पक्षाला जड जाणार हे दिसत असलेला दुसरा. या सगळ्यांना ॲडम्स नको होता आणि पीबॉडीही नको होता. पण वाद फक्त या दोघांमधला, तिसरं नाव सभेपुढे नव्हतंच. मॅक्डोनाल्डला थेट निवडायची घटनेत सोय नव्हती. म्हणून वाट अशी काढली: पीबॉडीने राजीनामा आधीच सही करून द्यायचा, मग सभेने त्याला गव्हर्नर ठरवायचं, त्याने शपथ घ्यायची, चोवीस तासांच्या आत राजीनामा लागू करायचा, की पद रिकामं झालं म्हणून लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, आपोआप वर चढणार. लेफ्टनंट गव्हर्नर होता लेडव्हिलचा मॅक्डोनाल्ड. पीबॉडी हा नुसता पायरी म्हणून वापरला गेला.

---

मतपेटी

वरचं सगळं बरोबर. "नऊ हजार कसे पुसले" यात मात्र मतपत्रिकेची रचना फार महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

त्या वेळच्या कोलोरॅडोच्या मतपत्रिकेवर एकगठ्ठा मत देण्यासाठी चौकोन किंवा वर्तुळ नव्हतं. वर एक छापील वाक्य असे, आशय असा की मी अमुक पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देतो, खाली कुणा दुसऱ्यापुढे खूण केली असेल तेवढा अपवाद. "अमुक"च्या जागी रिकामी रेघ, आणि तिथे पक्षाचं नाव मतदाराने स्वतःच्या हाताने लिहायचं.

आता लबाडी करणाऱ्याची अडचण बघा. नुसती फुली मारायची असती तर शंभर मतपत्रिका कुणाच्या हातच्या हे सांगणं कठीण. इथे प्रत्येक खोट्या मतपत्रिकेवर "डेमोक्रॅटिक" हा लांबलचक शब्द लिहायला हवा, आणि रात्री घाईघाईत एकच माणूस गठ्ठाच्या गठ्ठा लिहीत बसला की अक्षराची ठेवण, आडव्या रेघेचा कल, पेन्सिलचा दाब सगळं मागे उरतं. म्हणून पेट्या उघडल्यावर दोन्ही पक्षांनी हस्ताक्षरतज्ज्ञ आणले, आणि एकाच हातच्या मतपत्रिका ढिगाने असल्याची साक्ष झाली. पीबॉडीच्या दाव्यातला सर्वात ठोस भाग हाच.

तरी एकच अक्षर म्हणजे आपोआप बोगस असं समजू नका. लिहिता न येणाऱ्या मतदाराला केंद्रावरचा माणूस मदत करू शकतो, मग अक्षर त्याचंच येणार. म्हणून नुसत्या अक्षरावर भागत नाही. मतदारयादीतली नावं, त्या पत्त्यावर खरंच राहणारी माणसं आणि मतं दिल्याची नोंदवही, हे तिन्ही अक्षराशी ताडून पाहावं लागतं. लॉजिंग हाउस आणि दारूच्या गुत्त्यांवरच्या पत्त्यांवर नावं भरून ठेवायची आणि त्या नावांवर तीच ती माणसं फिरवायची, ही अमेरिकन शहरांतली तेव्हाची ठरलेली पद्धत.

आता गणित. समजण्यासाठी कल्पित आकडे घेतो. एका प्रिसिंक्टमध्ये ४०० मतं, ॲडम्स ३२०, पीबॉडी ८०. आघाडी २४०. यातली १५० बोगस ठरली.

बोगस मतं कुणाची हे माहीत असेल आणि ती सगळी ॲडम्सची असतील, तर ॲडम्स १७०, पीबॉडी ८०. आघाडी ९०, म्हणजे १५० ने घटली.

कुणाची हे माहीत नसेल तर प्रमाणात वजा करतात. उरलेल्या २५० मध्ये ॲडम्स २००, पीबॉडी ५०. आघाडी १५०, म्हणजे ९० ने घटली.

आणि अख्खी प्रिसिंक्टच रद्द केली तर आघाडी शून्य, घट २४०. यात ॲडम्सचे १७० आणि पीबॉडीचे ८० खरे मतदारही उडाले, तो भाग वेगळा.

अशा शंभर प्रिसिंक्ट धरा. घट अनुक्रमे १५ हजार, ९ हजार, २४ हजार. पुरावा तोच, पेट्या त्याच. नऊ हजारांवर काही शेकड्यांची आघाडी पहिल्या आणि तिसऱ्या पद्धतीत बुडते, दुसऱ्या पद्धतीत कशीबशी टिकते. म्हणून लबाडी झाली की नाही यापेक्षा वजाबाकी कशी करायची यावर खरं भांडण होतं, आणि समितीत एकमत न होण्याचं कारणही मला तेच दिसतं.

---

यादीवाला

दोघांचेही आभार, बरंच सुटलं. मग असं म्हणायचं का की ॲडम्सचा विजयच डेन्व्हरच्या खोट्या मतांवर उभा होता? कारण त्याच दिवशी अध्यक्षपदासाठी थिओडोर रूझवेल्टने कोलोरॅडो सहज जिंकलं. राज्य रिपब्लिकनांकडे असताना गव्हर्नर एकटाच कसा पडतो?

---

खाणकाम

नाही, तसं म्हणता येणार नाही, आणि रूझवेल्टचा आकडा उलट दिशेला बोट दाखवतो. रूझवेल्ट कोलोरॅडोत डेमोक्रॅट उमेदवार अल्टन पार्करच्या सुमारे ३४ हजार मतांनी पुढे होता. त्याच मतपत्रिकेवर त्याच पक्षाचा पीबॉडी नऊ हजारांनी मागे. मतपेटीत मतं कोंबणारा माणूस एकगठ्ठा डेमोक्रॅटिक लिहितो, त्याला बारकावे करायला वेळ नसतो. त्याच्या मतांनी पार्करलाही तेवढाच फायदा व्हायला हवा. रूझवेल्टला मत आणि पीबॉडीला नाही, अशी निवडून केलेली खूण ही जिवंत मतदाराचीच असते. हजारो रिपब्लिकनांनी हे केलं. प्रचारात "पीबॉडी सोडून कुणीही" ही घोषणाच होती.

कारण १९०३-०४ चे संप. त्याची सुरुवात आठ तासांच्या दिवसापासून करावी लागते. खाणी आणि धातू गाळणाऱ्या भट्ट्यांमध्ये आठ तासांचा दिवस करता यावा म्हणून १९०२ च्या नोव्हेंबरात घटनादुरुस्ती मतदारांपुढे आली आणि सुमारे ७३ हजार विरुद्ध २६ हजार अशा मतांनी मंजूर झाली. दुरुस्तीने विधिमंडळाला कायदा करायला सांगितलं. १९०३ चं अधिवेशन कायदा न करताच संपलं. लोकांनी जवळपास तिपटीने दिलेला कौल सभागृहात विरला, याचा राग साधा नव्हता.

त्यात वेस्टर्न फेडरेशन ऑफ मायनर्स या खाणकामगार संघटनेचा संप. कोलोरॅडो सिटीच्या खनिज दळणाऱ्या गिरण्यांमधल्या कामगारांच्या पाठिंब्यासाठी ऑगस्ट १९०३ मध्ये क्रिपल क्रीकच्या सोन्याच्या खाणी बंद पडल्या. पीबॉडी स्वतः कॅन्यन सिटीचा बँकर, पूर्ण मालकांच्या बाजूचा. त्याने सप्टेंबरात नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं सैन्य, पाठवलं. खर्चाला तिजोरीत पैसे नव्हते, तेव्हा सैन्याचा पैसा खाणमालकांनी उभा केला. म्हणजे ज्यांचं भांडण त्यांच्याच पैशावर सरकारी शिपाई. डिसेंबरात टेलर काउंटीत, म्हणजे क्रिपल क्रीकच्या काउंटीत, लष्करी अंमल जाहीर झाला, पुढे टेल्युराइडकडेही. आरोप न ठेवता माणसं कोंडली, आणि कोर्टाने हजर करा म्हटलं तरी ॲडज्युटंट जनरल, म्हणजे राज्याच्या सैन्याचा प्रमुख, शर्मन बेल याचे अधिकारी दाद देईनात.

फेडरेशनचा अध्यक्ष चार्ल्स मॉयर याला अमेरिकेच्या झेंड्याच्या पट्ट्यांवर मजकूर छापलेल्या पत्रकावरून पकडलं, झेंड्याचा अपमान म्हणून. नंतर मार्च ते जून १९०४ असा अडीच महिने लष्करी कोठडीत ठेवला. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने गव्हर्नरची बाजू घेतली, एकट्या न्या. स्टील यांनी विरोधी मत लिहिलं. मॉयरने पुढे पीबॉडीवर नुकसानभरपाईचा दावा लावला, तो अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९०९ मध्ये न्या. होम्स यांनी तोही फेटाळला. मॉयर विरुद्ध पीबॉडी म्हणून तो आजही उद्धृत होतो.

६ जून १९०४ ला इंडिपेंडन्स स्टेशनच्या फलाटाखाली स्फोट होऊन युनियनबाहेरचे १३ खाणकामगार मेले. त्यानंतर टेलर काउंटीत युनियनच्या माणसांना आगगाडीत भरून राज्याच्या सीमेवर सोडण्याचं सत्र चाललं. निवडणूक पाच महिन्यांवर होती. "कायदा आणि सुव्यवस्था" हा पीबॉडीचा मुद्दा आणि त्याच्याविरुद्धचाही तोच मुद्दा. समोरचा ॲडम्स प्युब्लोचा लोखंडी सामानाचा व्यापारी, आधी दोनदा गव्हर्नर झालेला (१८८७ आणि १८९७ पासून), मवाळ माणूस. रिपब्लिकन मतदाराला त्याच्याकडे वळायला जड जात नव्हतं.

डेन्व्हरमध्ये लबाडी झाली नाही असं मी म्हणत नाही, झालीच. पण राज्याचा कौल पीबॉडीविरुद्ध होता यावर मला शंका नाही, आणि त्याच्याच पक्षाच्या आमदारांनाही नव्हती, नाहीतर राजीनामा आधी लिहून का घेतला असता?

---

हद्दीचा_नकाशा

ॲडम्सच्या बाजूचा प्रतिदावा कुणी आणला नाही म्हणून लिहितो. त्याचं म्हणणं, डेन्व्हर तपासता तर दक्षिणेकडच्या कोळशाच्या काउंट्याही तपासा: ह्युएर्फानो आणि लास ॲनिमास. तिथे लबाडीची रीतच निराळी होती. पेटीत मतं कोंबायची गरज नव्हती, कारण केंद्रच कंपनीच्या अंगणात.

रचना अशी. प्रिसिंक्टची हद्द काउंटी कमिशनर आखतात. ती हद्द कोळसा कंपनीच्या कुंपणाबरोबर जुळवून आखली की आतली जमीन, घरं, दुकान, रस्ता सगळं कंपनीचं. मतदार कंपनीचे पगारी, केंद्रावरचे अधिकारीही कंपनीचेच. बाहेरच्या पक्षाचा माणूस फाटकावरच अडवायचा, तो घुसखोर ठरतो. बरेच कामगार इटली, मेक्सिको किंवा पूर्व युरोपातून आलेले, इंग्रजी वाचता न येणारे. त्यांची मतपत्रिका "मदत" म्हणून दुसरा कुणीतरी भरणार. कागदोपत्री सगळं शुद्ध: नावं खरी, माणसं खरी, यादीशी मेळ बसतो. हस्ताक्षरतज्ज्ञ यात काय काढणार?

मनाई हुकुमाने फक्त डेन्व्हरला घेरलं, या फाटकांना नाही. म्हणून १९०५ ला एका बाजूची लबाडी मोजली गेली आणि दुसरीची तशीच राहिली.

आणि आता यातली खरी गंमत. १९१४ मध्ये ह्युएर्फानोत शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, निवडणुकीत बरीच वर्षं खुर्चीत असलेला जेफ फार पुन्हा निवडून आला. विरोधक नीली कोर्टात गेला. जून १९१६ मध्ये कोलोरॅडोच्या सुप्रीम कोर्टाने अशा सात बंद प्रिसिंक्टची सगळी मतं रद्द केली आणि फारला घालवलं. खटला नीली विरुद्ध फार. अख्खी प्रिसिंक्ट बाद करण्याचं जे हत्यार डेमोक्रॅटांवर चाललं, तेच बारा वर्षांनी कोळसा कंपन्यांवर उलटलं. फरक एवढाच की या वेळी एक मत खोटं ठरवावं लागलं नाही: जिथे विरोधकाला पायच ठेवता येत नाही तिथे निवडणूक झालीच नाही, असं कोर्टाने धरलं. माझ्या मते १९०४ च्या निकालापेक्षा हा तर्क कितीतरी पक्का आहे.

---

दप्तरदार

@मतपेटी, तुमच्या तीन वजाबाक्यांना एक पुस्ती. प्रिसिंक्ट रद्द करताना कोर्टाची भूमिका अशी असते की अधिकारीच सामील असतील तर त्यांनी दिलेला मतमोजणीचा तक्ताच पुरावा म्हणून संपला. मग ज्याला आपली मतं खरी म्हणायची आहेत त्याने ती एकेक सिद्ध करावीत. कागदावर न्याय्य वाटतं. प्रत्यक्षात गुप्त मतदान असताना एका प्रिसिंक्टचे शेकडो मतदार साक्षीला आणून मत कुणाला दिलं ते वदवायचं, हे कुठल्या उमेदवाराला परवडणार? त्यामुळे ओझं ज्याच्याकडे सरकलं तो हरला, हे जवळपास ठरलेलंच.

दुसरं, या प्रकरणाची एक शेपटी लोकांना माहीत नसते. रॉकी माउंटन न्यूज आणि डेन्व्हर टाइम्स यांचे मालक टॉमस पॅटरसन तेव्हा अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य होते. १९०५ च्या उन्हाळ्यात त्यांनी लेख आणि व्यंगचित्र छापून राज्याच्या सुप्रीम कोर्टावर तोफ डागली. आशय असा की निवडून आलेल्या डेमोक्रॅटांच्या जागी रिपब्लिकन बसवण्याचा डाव होता, गव्हर्नरपदही त्यातच, आणि दोन न्यायाधीशांना त्याच डावात जागा मिळाल्या. हे न्यायाधीशांचं काय, तर १९०४ मध्येच मतदारांनी मंजूर केलेल्या घटनादुरुस्तीने तीनाचं कोर्ट सातांचं झालं होतं आणि नव्या नेमणुकांवरून वादंग माजलं होतं.

कोर्टाने पॅटरसन यांना बेअदबीसाठी १,००० डॉलर दंड केला. मी जे लिहिलं ते खरं आहे हे सिद्ध करू द्या, ही त्यांची मागणी धुडकावली. १९०७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दंड कायम ठेवला, निकाल पुन्हा होम्स यांचाच, न्या. हार्लन आणि ब्रूअर विरोधात. वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या अभ्यासात पॅटरसन विरुद्ध कोलोरॅडो पहिल्या पानांत येतो, पण त्याच्या मुळाशी ही निवडणूक आहे हे तिथे क्वचितच सांगतात.

---

यादीवाला

मग तारखा कशा लिहू? "एका दिवसात तीन गव्हर्नर" असं सगळीकडे आहे.

---

कलमबहाद्दर

ते वाक्य चटकदार आहे, यादीत त्यावर विसंबू नका. विधिमंडळाचा कौल १६ मार्चचा, मॅक्डोनाल्डची सुरुवात १७ मार्चची. चोवीस तासांच्या आत तिघे, एवढं नक्की. रकाने असे करा: ॲडम्स, १० जानेवारी ते मार्च १९०५, शेरा "विधिमंडळाने हटवलं". पीबॉडी, एका दिवसाहून कमी, शेरा "वादात विजयी, राजीनामा". मॅक्डोनाल्ड, १७ मार्च १९०५ ते जानेवारी १९०७, शेरा "लेफ्टनंट गव्हर्नरवरून". आणि मतांच्या रकान्यात ॲडम्सचेच आकडे मोठे राहू द्या. विधिमंडळाने पीबॉडीला पद दिलं, म्हणून नोव्हेंबरच्या तक्त्यातली बेरीज बदलत नाही. "विजयी" आणि "पदावर" असे दोन रकाने वेगळे ठेवलेत तर पुढे कुठे अडणार नाही.

हाच उपाय ॲरिझोना १९१६ ला लागेल, तिथेही तुमची गाडी अडणारच आहे. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन टॉमस कॅम्पबेल ३० मतांनी पुढे, गव्हर्नर जॉर्ज हंट खुर्ची सोडेना, जानेवारी १९१७ मध्ये दोघांनीही शपथ घेतली. कोर्टाने तात्पुरता कारभार कॅम्पबेलकडे दिला, आणि डिसेंबर १९१७ मध्ये हंट ४३ मतांनी जिंकला असा निकाल दिला. भांडण होतं ते पक्षाच्या स्तंभावर एकगठ्ठा फुली आणि शिवाय दुसऱ्या पक्षाच्या कॅम्पबेलपुढेही फुली, अशा मतपत्रिकांवर. कॅम्पबेलने वर्षभर कारभार केला, पगार मात्र मिळाला नाही. तिथे निवाडा कोर्टाचा होता, विधिमंडळाचा नाही; म्हणून कॅम्पबेल आणि हंट यांच्यामध्ये तिसरा कुणी शिरू शकला नाही.

---

मतपेटी

१९०६ ची ओळ भरताना एक सांभाळा. ॲडम्स पुन्हा उभा राहिला आणि या वेळी सरळ हरला, डेन्व्हर विद्यापीठाचे प्रमुख हेन्री बुक्टेल यांच्याकडून. त्याच यादीत सोशलिस्ट म्हणून खाणकामगार फेडरेशनचा नेता बिल हेवूड दिसेल, तो तेव्हा आयडाहोच्या तुरुंगात होता. ती छपाईची चूक समजून खोडू नका. अपक्षांत बेन लिंडसी आहे, डेन्व्हरचे बालन्यायालयाचे न्यायाधीश.

आणि हस्ताक्षराची ती रेघ १९१२ पर्यंतच शोधा. त्या वर्षी मतदारांनी स्वतः पुढाकाराने आणलेल्या कायद्याने मतपत्रिकेवरची एकगठ्ठा मताची सोयच काढून टाकली, प्रत्येक पदापुढे वेगळी खूण करायची झाली. १९०४ आणि १९१४ मधलं पक्षनिहाय मतदान शेजारी ठेवून बघणार असाल तर हा बदल ध्यानात धरा, नाहीतर खालच्या पदांना कमी पडलेली मतं ही मतदारांची नाराजी वाटेल.